चाक मोठं, हिशोब छोटा

परवा रात्री मेसमधून वर आलो तर आमच्या रूमसमोर कॉरिडॉरमध्ये पाच-सहा जणांचं कोंडाळं. मध्ये एक मोबाईल आणि तो हातोहात फिरतोय. मला वाटलं युनिव्हर्सिटीने रिझल्ट लावला! पोटात गोळाच आला. पण निघाला एक फोटो. अमेरिकेतली कुठलीशी जुनी शेवरोले पिकअप. पोट रस्त्यापासून जेमतेम वीतभर वर, आणि वीस इंची चकचकीत चाकं मडगार्डच्या आत अशी भरलेली की मध्ये बोटही शिरू नये. गाडी उभी होती, पण पळतेय असं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, माझीही नजर दोन मिनिटं हलली नाही.

तेवढ्यात सेकंड इयरचा एक ज्युनिअर म्हणाला, "दादा, तुम्ही मेकॅनिकलचे ना? आमच्या वडिलांनी टोमॅटोसाठी पिकअप घेतलीय. तिला अशी मोठी चाकं बसतील का? मागचे दोन पाटे काढले की गाडी पण खाली बसते म्हणे."

मी म्हटलं, "बसतील."

आणि मग माझं मलाच कसंतरी झालं. कारण हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी मी स्वतःला विचारला होता, आणि हेच एका शब्दाचं उत्तर दिलं होतं. त्या रात्री साडेबारापर्यंत त्या पोराला बसवून जे सांगितलं, तेच आज इथे लिहितोय. मासिकात दरवर्षी 'पहिला पाऊस' आणि 'ती'वरच्या कविता असतातच. एखादं पान टायरलाही मिळू द्या!

सुरुवातीलाच सांगतो, मी मॉडिफिकेशनच्या विरोधात नाही. 'कंपनीने दिलंय तसंच वापरायचं, हात लावायचा नाही' असं म्हणणारा माणूस इंजिनिअरिंगला आलाच कशाला? माझं भांडण वेगळं आहे. आपण फोटोची कॉपी मारतो, फोटोमागच्या हिशोबाची मारत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री फाईल छापावी, तशी आपण गाडी छापतो. फरक एवढाच, फाईल चुकली तर सर रिपीट देतात. गाडी चुकली तर...? ते पुढे येईलच.

आधी त्या फोटोतल्या गाडीचं कुळ बघू. गाडी खाली बसवण्याचं वेड मुख्यतः कॅलिफोर्नियातलं. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या पोरांनी गाड्या जमिनीला टेकायला आणल्या, तेव्हा १९५८ साली तिथे नियम आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा खाली येता कामा नये. लगेच १९५९ साली रॉन अगिरे नावाच्या पठ्ठ्याने विमानातले हायड्रॉलिकचे भाग आपल्या कॉर्व्हेटला लावले. बटण दाबलं की गाडी खाली, पोलीस दिसला की वर! पुढे १९७० च्या दशकापर्यंत तिथे छोट्या जपानी पिकअप आल्या. डॅटसन आली, टोयोटा आली. शेवरोलेची 'लव्ह' मुळात इसुझूने बनवलेली आणि फोर्डची 'कुरिअर' माझदाने. स्वस्त, हलक्या आणि चासीवर बांधलेल्या. पोरांच्या हातात आयता कच्चा माल! त्यातून 'मिनी-ट्रक'चा छंद वाढला आणि नंतर तो मोठ्या पिकअपनाही लागला.

तो १९५८ चा नियम रद्द करणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये केला आणि १ जानेवारी २०२४ पासून नियम गेला. पण नियम कुणाविरुद्ध वापरला गेला हा वाद बाजूला ठेवला, तर त्यातला विचार मात्र चोख इंजिनिअरिंगचा आहे. टायर बसला की गाडी रिमवर येते. अशा वेळी रिमच्या खाली काहीच लोंबत नसेल, तर चासी, ब्रेकची पाईप, डिझेलची टाकी रस्त्याला घासणार नाही. नियम गेला, तरी जाणते मिस्त्री चारही रिमच्या तळाला दोरी लावून ही रेषा आजही बघतात. आणि गंमत बघा, रिम मोठी आणि टायर बारीक केला की रिमचा तळ रस्त्याच्या आणखी जवळ येतो, म्हणजे गाडी आणखी खाली घ्यायला वाव मिळतो. मोठं चाक आणि बसकी गाडी यांची जोडी केवळ दिसण्याची नाही, तिच्यात भूमिती आहे.

आता ती मंडळी काम कसं करतात ते बघा. नव्वदच्या दशकातल्या एखाद्या शेवरोले पिकअपला २३५/७५ आर १५ टायर असायचा. हे आकडे आपण रोज बघतो आणि कधीच वाचत नाही. २३५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. भिंत दोनदा धरायची, वर एक आणि खाली एक, आणि त्यात रिम मिळवायची. उत्तर येतं ७३३.५ मिमी. आता त्याला वीस इंची रिम घालायची तर टायर २५५/४५ आर २० घेतला की व्यास होतो ७३७.५ मिमी. रिम तब्बल पाच इंचांनी वाढली, पण चाकाची एकूण उंची वाढली फक्त ४ मिमी! म्हणजे फोटोत जे 'मोठं चाक' दिसतं ते खरं तर मोठं नसतंच. लोखंड वाढलेलं असतं आणि रबर कमी झालेलं असतं. दिसतं तसं नसतं म्हणूनच जग फसतं, ही म्हण टायरच्या दुकानाबाहेर लावायला हवी.

गाडी खाली घेतानाही तसंच. पुढे ते स्प्रिंग कापत बसत नाहीत, 'ड्रॉप स्पिंडल' घालतात. त्यात चाकाची खुंटी मूळ जागेपेक्षा वर असते. त्यामुळे गाडी खाली येते, पण सस्पेन्शनचे हात आणि स्प्रिंग मूळ कोनातच राहतात. मागे मूळ गाडीत ॲक्सल पाट्यांच्या खाली असतो. तो उलटवून पाट्यांच्या वर घेतात आणि गाडी पाच-सहा इंच खाली येते. पण मग ॲक्सल चासीला आपटणार! म्हणून चासीला तिथे 'सी'च्या आकाराची खाच पाडतात आणि बाहेरून जाड प्लेट वेल्ड करून ती जागा पुन्हा मजबूत करतात. यातलं सूत्र लक्षात घ्या. गाडी जितकी खाली आणली, तितकी जागा ॲक्सलला वर कुठेतरी परत द्यायची. उधारी ठेवायची नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटोतल्या त्या पिकअपचा हौदा रिकामा असतो. ती शनिवार-रविवारी मिरवायची गाडी असते. आपल्याकडची पिकअप सोमवारी बाजार समितीत जाते.

आता माझी गोष्ट. आमचं गाव चांदवड तालुक्यात. साडेतीन एकर, त्यात कांदा, आणि एक पिकअप. आमचा माल नसेल तेव्हा गावातल्या दुसऱ्याचा माल भाड्याने. माझ्या फीमधला मोठा हप्ता त्या गाडीनेच भरलाय. २०२३ च्या मे महिन्यात सेकंड इयरची परीक्षा देऊन घरी गेलो. मशीन डिझाइन अजून यायचं होतं, पण डोक्यात हवा मात्र पुरेपूर गेली होती. मोबाईलवर असेच फोटो आणि रील्स बघून मी आणि माझ्या चुलतभावाने ठरवलं की आपल्या गाडीचं 'काम' करायचं. कुठूनतरी एका मोठ्या गाडीची जुनी सतरा इंची अलॉय चाकं टायरसकट स्वस्तात मिळाली. मूळ टायर २१५/७५ आर १५, हे २३५/६५ आर १७. मिस्त्री म्हणाला, "नट बसतायत, चाक फिरतंय, अजून काय पाहिजे?" मागचे सातपैकी दोन पाटे काढले. आणि खाली बसल्यावर धक्का देतो म्हणून चासीखालचा रबराचा ठोकळा, म्हणजे बम्पस्टॉप, तोही काढून टाकला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "दिसते झकास. पण माल ओढेल ना?"

मी म्हणालो, "ओढेल की, अण्णा." माझ्याकडे त्या वेळी टेपसुद्धा नव्हती.

जूनमध्ये मी हॉस्टेलला परत आलो. पावसाच्या सुरुवातीला अण्णांचा फोन. "अरे, मागून खरखर आवाज येतो. माल भरला की जास्तच येतो." मी त्या वेळी कॅन्टीनमध्ये होतो. चहाचा घोट घेत म्हणालो, "काही नाही अण्णा, वेगळे टायर आहेत. घासून घासून बसतील जागेवर."

हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. अण्णा दहावीपर्यंत शिकलेले, पण गाडीचा आवाज त्यांना माझ्यापेक्षा शंभर पट जास्त कळतो. एरवी त्यांनी त्याच दिवशी गाडी उभी करून खाली वाकून बघितलं असतं. पण पोरगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतोय म्हणजे बरोबर असेल, असं त्यांना वाटलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लासलगावला जाताना, मागे चौदा क्विंटल मोकळा कांदा असताना, डाव्या बाजूचा मागचा टायर फुटला. गाडी फिरली आणि रस्त्याच्या कडेला चारीत जाऊन आडवी झाली. मागून येणारा मोटारसायकलवाला थोडक्यात वाचला, त्याच्या पुढे त्याची लहान मुलगी बसली होती. अण्णांचं कॉलर बोन मोडलं. कांदा सगळा चिखलात. मी रात्रीच्या एसटीने पोहोचलो, तेव्हा अण्णा दवाखान्यात हात गळ्यात बांधून बसले होते. रागावले नाहीत. फक्त एवढंच विचारलं, "तुम्हाला कॉलेजात हे शिकवत नाहीत का रे?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला आणखी एक सेमिस्टर लागलं. मशीन डिझाइनच्या तासाला सरांनी लीफ स्प्रिंग घेतलं आणि मी वहीच्या शेवटच्या पानावर आमच्या गाडीचं गणित मांडलं. तेच इथे देतो, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

पहिलं, पाटे. सगळे पाटे सारख्या जाडीचे धरले तर ताठपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात असतो. साताचे पाच केले म्हणजे त्याच वजनाला गाडी सात भागिले पाच, म्हणजे १.४ पट दबणार, आणि प्रत्येक पाट्यावरचा ताणही १.४ पट होणार. हा ठोकताळा आहे, कारण खरे पाटे लहान-मोठे असतात. पण दिशा हीच. पूर्वी पूर्ण मालाला मागची बाजू साधारण ७० मिमी दबायची. आता ९८.

दुसरं, चाकाची उंची. जुन्या टायरचा व्यास ७०३.५ मिमी, नव्याचा ७३७.३. म्हणजे त्रिज्या १७ मिमीने वाढली.

तिसरं, जागा. रिकाम्या गाडीत टायरचा माथा आणि हौद्याची खालची कड यांत पूर्वी १६५ मिमी अंतर होतं. माल भरल्यावर ७० गेले तरी ९५ शिल्लक, आणि खड्ड्यात चाक फार वर आलंच तर मध्ये बम्पस्टॉप. आम्ही काय केलं? पाटे काढून रिकामी गाडीच ४० मिमी खाली आणली, चाकाने १७ खाल्ले, मालाने ९८. १६५ मधून हे तिन्ही वजा करा. राहतात १० मिमी! आणि बम्पस्टॉप तर आम्ही हौसेने काढलेला. म्हणजे भरल्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला हौद्याची कड टायर तासत होती. सुतार रंधा मारतो तसा. अण्णांना ऐकू आली ती खरखर 'जागेवर बसण्या'ची नव्हती, टायर सोलला जात होता.

चौथं, ऑफसेट. हा शब्द मी तेव्हा ऐकलाही नव्हता. रिमच्या रुंदीची मधली रेषा आणि हबला टेकणारा तिचा भाग यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. तो रिमवरच 'ईटी' म्हणून कोरलेला असतो. जुनी रिम सहा इंच रुंद, ईटी ३०. नवी आठ इंच रुंद, ईटी २०. रुंदी दोन इंचांनी वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला २५.४ मिमी. त्यात ऑफसेट १० ने कमी, म्हणजे चाक तेवढं आणखी बाहेर. एकूण ३५ मिमी बाहेर आणि १५ मिमी आत. बाहेर आलेला टायरचा खांदा बरोबर हौद्याच्या कडेखाली आला. शिवाय चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा भार लांबच्या हाताने येतो, ते वेगळंच.

पाचवं, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक. टायरवर मापाच्या शेजारी एक दोन-तीन आकडी संख्या असते. तो लोड इंडेक्स. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०. आमच्या जुन्या टायरवर १०६ होतं, नव्यावर १०४. गाडीचं रिकामं वजन आणि काट्याच्या पावत्या घेऊन हिशोब केला, तर त्या दिवशी मागच्या प्रत्येक चाकावर साधारण ९२० किलो होते. जुना टायर ते पेलत होता. दिसायला दांडगा, रुंद, 'मस्क्युलर' नवा टायर पेलणार नव्हता! वजन रबर उचलत नाही, आतली दाबलेली हवा उचलते. म्हणून टायर रुंद दिसतो की बारीक, यावर जाऊ नका. आकडा वाचा.

सहावं, वय. टायरवर चार आकडी तारीख असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर १४१७ होतं. म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा. 'चांगले वापरलेले' म्हणून घेतलेले टायर सहा वर्षांचे होते. हे कोरलेलं होतं, झाकलेलं नव्हतं. आम्ही वाचलं नाही.

बारीकसारीक गोष्टी तर सोडूनच देतो. व्यास ४.८ टक्के वाढला, म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ ६३ ने पळत असते. तोच ब्रेक दाबला तरी रस्त्यावर मिळणारी थांबवण्याची ताकद तेवढीच कमी, आणि चढावर ओढही तेवढीच कमी. एकेक गोष्ट लहान, पण सगळ्या एकाच बाजूला!

आता खर्चाची बाजू. विम्याच्या माणसाने चाकं बघितली, फोटो काढले आणि विचारलं, "ही कंपनीची आहेत का?" क्लेम तिथेच संपला. आणि त्याचं चूक नव्हतं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारा बदल चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. आमचे बदल मोजले तर दंडाचा आकडाच चाकांच्या किमतीपुढे गेला असता.

पण खरा खर्च दुसराच. सहा आठवडे अण्णा गाडी चालवू शकले नाहीत, आणि गाडीही धड नव्हती. कांदा चाळीत पडून. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद पडले. ज्यांनी जुलैत माल काढला ते सुटले. आमचा काढायचा राहिला, कारण मला गाडी 'बसवायची' होती.

आता माझं म्हणणं.

आपण इथे ज्या घरांतून आलोय, त्यातल्या बऱ्याच घरांत आपण पहिले इंजिनिअर. डिग्री अजून हातात नसते, दोन-चार केट्या लटकत असतात, पण घरचे आणि गावातले आपल्याला इंजिनिअर मानून मोकळे झालेले असतात. मोटर जळली, विचार याला. स्लॅब टाकायचाय, विचार त्याला. आपल्यालाही 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटते. मग आपण ठोकून देतो, 'बसेल', 'चालेल', 'काही होत नाही'. कॉलेजात चुकीच्या उत्तराला शून्य मार्क मिळतात. गावात चुकीच्या उत्तरावर माणसं गाडी चालवतात.

म्हणून 'बसतील का?' या प्रश्नाला मेकॅनिकलच्या पोराने होही म्हणू नये आणि नाहीही. 'मोजून सांगतो' म्हणावं. आणि मोजायचं ते रिकाम्या गाडीत नाही. पूर्ण माल भरून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, एक चाक खड्ड्यात घालून मोजायचं. नट बसला म्हणजे चाक बसलं, असं नसतं.

जुगाडाबद्दलही एक बोलतो. जुगाडाचं हल्ली फार कौतुक होतं. अडचणीत असलेल्या माणसाने हाताशी असेल त्यातून मार्ग काढणं ही अक्कल आहे, तिला माझा सलाम. पण आमची अडचण काय होती? काहीच नव्हती! गाडी उत्तम चालत होती. अडचण नसताना केलेल्या जुगाडाला जुगाड म्हणत नाहीत, खाज म्हणतात. संपादकांनी हा शब्द ठेवावा ही विनंती.

कुणी म्हणेल, मग हौस करूच नये का? करा की! आपल्याच कॉलेजची पोरं बाहाची गाडी बनवतात. रात्र रात्र वर्कशॉपमध्ये बसून सस्पेन्शनचा प्रत्येक मिलिमीटर कागदावर काढतात, आणि पिथमपूरला जाऊन तपासणीवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. तिथे 'चालेल' हे उत्तर चालत नाही. तीच शिस्त घरच्या गाडीला लावा, एवढंच म्हणणं आहे. पिकअपचं रूपच बदलायचं असेल तर कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापांत चाकं बघा, लोड इंडेक्स मूळच्या इतका किंवा जास्त घ्या, पाट्यांना आणि बम्पस्टॉपला हात लावू नका. फोटो कमी झकास येईल. अण्णा घरी येतील.

आता सरांना एक नम्र विनंती. (व्हायवाचे मार्क कापू नयेत!) लीफ स्प्रिंगचं गणित आम्ही आठ मार्कांसाठी पाठ करतो. 'एन', 'बी', 'टी' ही अक्षरं फळ्यावर असतात आणि पाटे पार्किंगमध्ये. दोघांची गाठ कधी पडत नाही. एक प्रॅक्टिकल असं ठेवा की स्टाफच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे टायर आम्ही वाचायचे. माप, लोड इंडेक्स, तारीख. जर्नलमध्ये व्यास काढायचा, मागे चार पोरं बसवून पाटे किती दबतात ते टेपने मोजायचं, आणि सूत्राशी ताडून बघायचं. खर्च शून्य. फार तर एखाद्या सरांना कळेल की आपले टायर बदलायला झालेत. मला हे सेकंड इयरला कुणी करायला लावलं असतं तर मी त्या मे महिन्यात निदान खाली वाकून बघितलं असतं.

ती अलॉय चाकं अजून आमच्या गोठ्यामागे पडलीत. विकायला गेलो तर अण्णा म्हणाले, "राहू दे. अजून कुणाच्या तरी गाडीला बसवतील." गाडीला पुन्हा लोखंडी रिमा, सातही पाटे आणि रबराचे ठोकळे आले. माल भरून मी स्वतः मोजलं. ९३ मिमी. थंडीत अण्णांचा खांदा दुखतो, पण त्याबद्दल ते बोलत नाहीत. आताशा गाडीचा काही आवाज आला की फोन मात्र मलाच करतात. मी सांगतो, "अण्णा, गाडी उभी करा, खाली वाकून बघा आणि मला फोटो पाठवा. तोवर मी काही बोलणार नाही."

आणि तो ज्युनिअर? शनिवारी गावी गेला होता. रविवारी रात्री त्याचा मेसेज आला. "दादा, गाडीत टोमॅटोचे क्रेट भरून मोजलं. ८८ मिमी. लोड इंडेक्स पण लिहून घेतला. चाकं तीच ठेवतोय. वडिलांनी विचारलं, हे कुणी शिकवलं?"

मित्रहो, काय उत्तर द्यावं ते त्याला अजून कळवलेलं नाही. कॉलेजने शिकवलं, असं त्याला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं!